लेकीच्या क्लिअरन्ससाठी सातबाऱ्यावरनं तिचं नाव काढू का?

पत्र: ताई, नमस्कार. मी करवीर तालुक्यातला, जिल्हा परिषदेच्या शाळेतनं हेडमास्तर म्हणून रिटायर झालो, आता कोल्हापुरात फ्लॅटमध्ये मी आणि मंडळी दोघंच असतो. मुलगी २०१० पासून अमेरिकेत, तिनं आणि जावयांनी तिकडचं नागरिकत्व घेतलंय. मुलगा आपल्या आर्मीत, मराठा लाइट इन्फन्ट्रीत नायब सुभेदार आहे. मुलीला तिकडं एका कंपनीत चांगली नोकरी लागलीय पण काम त्यांच्या संरक्षण खात्याचं असल्यामुळं सिक्युरिटी क्लिअरन्स, म्हणजे गुप्त माहिती बघायची सरकारी परवानगी पाहिजे, त्यासाठी ती आमच्या सगळ्यांच्या जन्मतारखा, पत्ते, नोकऱ्या विचारतीय. पुतण्या म्हणतो, भारतात एवढा गोतावळा आणि सख्खा भाऊ मिलिटरीत म्हटल्यावर तिला काय देत नाहीत, भावाचं नाव लिहूच नको म्हणावं, सहा महिने फोन बंद करा, आणि गावाकडच्या सामाईक सातबाऱ्यावर तिचं नाव आहे ते हक्कसोड करून कमी करून घेऊया. मंडळी दोन रात्री झोपली नाही, म्हणते आपल्यापायी पोरीचं नुकसान होतंय. काय करू?

काका, पहिलं म्हणजे काकूंना सांगा की आईबाप भारतात आहेत म्हणून पोरीचं नुकसान होत नसतंय, झालंच तर ते पुतण्याच्या सल्ल्यानं होईल. त्यानं तीन गोष्टी सांगितल्यात आणि तिन्ही उलट्या. भावाचं नाव लपवायचं नाही, फोन बंद करायचा नाही, आणि हक्कसोडाचं मी शेवटी बोलते कारण तुमचं पत्र वाचताना तिथं मला जरा वेगळाच वास आला.

मी हे ऐकीव सांगत नाही. राजारामपुरीत परत यायच्या आधी आम्ही बारा वर्षं मेरीलँडला होतो आणि आमच्या ह्यांनी क्लिअरन्सचा हाच फॉर्म भरलाय, म्हणजे भरला त्यांनी, शेजारी बसून कागद शोधत होते मी. एसएफ ८६ म्हणतात त्याला. छापला तर शंभराच्या वर पानं होतात, हल्ली सगळं ऑनलाइन. आपण होऊन अर्ज करता येत नाही, कंपनी किंवा सरकारी खातं पुढं पाठवतं तेव्हाच भरायला मिळतो, आणि उमेदवाराला त्याची एक पैसा फी नसते, हे वाक्य लक्षात ठेवा, त्याचं काम पुढं आहे.

फॉर्म गेला की तपास होतो, बहुतेक वेळा त्यांच्या संरक्षण खात्याची डीसीएसए नावाची एजन्सी करते, आणि मग निकाल देणारा माणूस १३ कसोट्यांवर सगळं तपासतो. आत्ता चालू असलेल्या कसोट्या जून २०१७ पासूनच्या आहेत. कर्ज थकलंय का, दारू, ड्रग्ज, पोलीस केस, असं सगळं त्यात येतं, आणि त्यातली दुसरी कसोटी आपल्या कामाची, परकीय प्रभाव. आता इथंच सगळ्यांचा घोळ होतो. लोकांना वाटतं प्रश्न असा आहे की तुझे नातेवाईक परदेशात आहेत का, असले की बाद. तसं नाही हो. असं असतं तर बाहेर जन्मलेल्या एकालाही तिकडं क्लिअरन्स मिळालं नसतं आणि तसे मिळालेले भरपूर आहेत, आमचे हेच एक. खरा प्रश्न असतो की उद्या कुणी त्या नातेवाइकाला धरून हिला वाकवू शकेल का. गावात सावकार काय करतो बघा, कर्ज पोराचं असलं तरी येऊन बसतो बापाच्या दारात, कारण त्याला माहितीय पोरगं कुठं हलतंय ते. तेवढंच बघायचं असतं त्यांना, की या बाईचा असा दुखरा कोपरा कुठं आहे, तो कुणाच्या हाताला लागण्यासारखा आहे का, आणि कधी वेळ आली तर माहेर की देश अशी तिची ओढाताण होईल का.

मग ते देश बघतात, नातेवाईक काय करतो ते बघतात, आणि हिची मुळं तिकडं किती खोल गेलीत ते बघतात, म्हणजे घर, नोकरी, पोरं, शाळा, पैसा कुठं गुंतलाय, मित्रमंडळी कुठली. पंधरा वर्षांचा संसार आहे तिचा तिथं, ही तिची सगळ्यात मोठी जमेची बाजू, आणि ती कागदावर दिसली पाहिजे.

देशाबद्दल एक सांगते कारण आपल्याकडं लगेच कुणीतरी म्हणतं की अहो भारत अमेरिका दोस्त आहेत, २०१६ ला तर भारताला मेजर डिफेन्स पार्टनर केलंय, मग काय प्रॉब्लेम. दोस्ती उपयोगी पडते, शत्रू देशात आईबाप असते तर पोरीला फार जड गेलं असतं, पण दोस्ती म्हणजे मोकळं रान नव्हे. जोनाथन पोलार्ड म्हणून त्यांच्याच नौदलाच्या गुप्तचर खात्यातला माणूस १९८५ ला पकडला गेला तो इस्रायलसाठी हेरगिरी करताना, आणि इस्रायलपेक्षा जवळचा दोस्त कोण हो त्यांचा. जन्मठेप झाली, ३० वर्षांनी २०१५ ला सुटला. त्यामुळं मित्रराष्ट्र असलं तरी ते विचारणारच, राग मानायचा नाही. आणि शंका राहिली तर ती उमेदवाराच्या नाही, देशाच्या बाजूनं सोडवतात, हे त्यांच्या नियमातच आहे. क्लिअरन्सवर कुणाचा हक्क नसतो हे त्यांच्या सुप्रीम कोर्टानं १९८८ ला सांगून ठेवलंय.

आता मुलगा. खोटी आशा दाखवणार नाही, सख्खा भाऊ परदेशी सैन्यात असणं ही त्या फॉर्ममध्ये ठळक उठून दिसणारी गोष्ट आहे. प्रत्येक परदेशी नातेवाइकाच्या नावाखाली विचारतात की हा माणूस कुठल्या सरकारशी, सैन्याशी, संरक्षण उद्योगाशी, गुप्तचर खात्याशी जोडलेला आहे का. उत्तर हो, आणि हो असंच लिहायचं. पण म्हणजे दार बंद असं नाही. भाऊ नायब सुभेदार आहे, पायदळात आहे, दोघं राखीपौर्णिमेला आणि पोरांच्या वाढदिवसाला बोलतात, कामाचं एक अक्षर बोलत नाहीत, हे जसं आहे तसं सांगितलं की समोरचा माणूस ते तोलू शकतो. नाव गाळलं तर तोलायला काही उरतच नाही, फक्त एवढंच उरतं की बाईनं सख्खा भाऊ लपवला, का बरं लपवला असेल. तिथनं पुढं कुणी कितीही समजावलं तरी उपयोग नाही. आणि ही नुसती नोकरी जायची गोष्ट नाही काका, त्या फॉर्मवर जाणूनबुजून खोटं लिहिणं हा त्यांच्याकडं गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद, फॉर्मवरच छापलेलं असतं.

मुलाकडनं माहिती घेताना एक करा, त्याला आधी त्याच्या युनिटमध्ये विचारून घेऊ दे की बहिणीला असं असं द्यायचंय, चालेल का. त्याचीही नोकरी आहे. पत्ता ५६ एपीओचा, म्हणजे सैन्याच्या टपालाचा असेल तर तोच द्यायचा, सध्या कुठं पोस्टिंग आहे हे फोनवर विचारत बसू नका, पोरीला ते माहीत नसेल तर माहीत नाही असं लिहिणं हे पण खरं उत्तरच आहे.

आणि हे काय फक्त गोऱ्यांचंच खूळ नाही बरं. आपल्याकडं केंद्र सरकारच्या नोकरीत लागताना जो ॲटेस्टेशन फॉर्म भरून घेतात त्यात पण जवळच्या नातेवाइकांचं राष्ट्रीयत्व विचारतात, मुलं परदेशात शिकत किंवा राहत असली तर त्यांची माहिती मागतात, आणि वरच धमकी छापलेली असते की खोटी माहिती दिली किंवा लपवली तर नोकरीला अपात्र. त्यावर किती केसेस झाल्यात. २०१६ ला सुप्रीम कोर्टाच्या तीन न्यायाधीशांनी अवतार सिंग केसमध्ये हे लपवण्याचं प्रकरण नीट उलगडून ठेवलं, कधी माफ करता येतं, कधी नाही. म्हणजे दोन्हीकडचं दुखणं एकच, आहे त्यापेक्षा लपवलेलं जास्त महागात पडतं.

आता तुमच्या हातातलं खरं काम, आणि यात तुमच्याइतका हुशार मदतनीस पोरीला मिळायचा नाही. नातेवाइकांचं कलम अठरावं. त्यात सख्खे, सावत्र आईवडील, सासू, सासरे, सख्खे, सावत्र भाऊबहीण, मुलं, असे अगदी जवळचेच येतात, हयात असो नसो. इथं आपल्या मराठी माणसाची पहिली फजिती होते ती भाऊ या शब्दावर. आपल्याला चुलतभाऊ पण भाऊ, मावसबहीण पण बहीण, कुणी परकं माणूस भेटलं तर ओळख करून देताना चुलत म्हणतो का आपण. ह्यांनी पहिल्या दिवशी अकरा भाऊ लिहिले होते. मी म्हटलं अहो सासूबाईंना दोनच झालेत. तर तिथं सख्खे आणि सावत्र. चुलत, मामे, आते यांच्यासाठी एकोणिसावं कलम आहे, गेल्या ७ वर्षांत ज्या परदेशी माणसाशी जवळचा किंवा सतत संबंध आहे, माया आहे, देणंघेणं आहे, तो तिथं. म्हणजे दर लग्नात दिसणारा आतेभाऊ नको, पण जो लहानपणी तुमच्याच घरात वाढला आणि अजून तिला रोज गुड मॉर्निंग पाठवतो तो पाहिजे. तो सल्ला देणारा पुतण्या तिच्याशी नेहमी बोलत असेल तर त्याचं पण नाव जाईल, सांगा त्याला.

दुसरी फजिती जन्मतारखेची. तुम्ही हेडमास्तर, तुम्हाला काय सांगायचं, शाळेत घालायला आलेल्या बाईला पोराची तारीख विचारली की ती म्हणायची, ज्या साली थोरली म्हैस व्याली त्या साली, पंचमी झाल्यावर, आणि गुरुजी निमूटपणे १ जून लिहायचे. तुम्हीच किती जणांचे १ जून केले असतील. आमच्याकडं सासरे, माझे वडील आणि शेजारचे नाना तिघंही १ जूनचे. ह्यांची मुलाखत घ्यायला आलेल्या माणसानं तेवढं बरोबर हेरलं, म्हणाला तुमच्या वडिलांची आणि सासऱ्यांची तारीख एकच कशी, कॉपी करताना चुकलं का. ह्यांनी त्याला आपल्या शाळेचा सगळा कारभार समजावून सांगितला, तो हसत हसत लिहून घेत होता. तर तुमच्या पासपोर्टवर, पेन्शनच्या कागदावर जी तारीख आहे तीच द्या, सगळीकडं एकच, आणि काकूंची शाळेच्या दाखल्यावर एक आणि आधारवर दुसरी असेल तर दोन्ही पोरीला कळवा, खाली शेरा लिहायला जागा असते. नक्की माहीत नसलेल्या तारखेपुढं अंदाजे अशी खूण करता येते, ती त्यासाठीच आहे.

तिसरं, काकूंचं नाव. लग्नात नाव बदललं असेल तर माहेरचं पूर्ण नाव लागतं, नुसतं आडनाव नव्हे, कारण आधी वापरलेली सगळी नावं ते विचारतात आणि आपल्याकडं तर एका दिवसात तिन्ही शब्द बदलतात. स्पेलिंग पासपोर्टप्रमाणं. सासू सासऱ्यांचं पण हेच, ते जावयांनी बघावं.

मग प्रत्येकापुढं असं विचारतात की शेवटचा संपर्क कधी, किती वेळा होतो, रोज, आठवड्याला, महिन्याला, आणि कशानं, भेटून, फोनवर, ऑनलाइन. तुमचा रविवारचा व्हिडिओ कॉल असेल तर आठवड्याला असं लिहायचं. आता तुम्ही म्हणाल मग बंदच करू ना फोन, कमी दिसेल. काका, आईबापाशी घट्ट नातं आहे हे ते गृहीतच धरून चालतात, तुम्ही सहा महिने गप्प बसलात तरी कुणी म्हणणार नाही की चला, हिला आईबाप नकोसे झालेत, देऊन टाका क्लिअरन्स. उलट इतकी वर्षं दर रविवारी येणारा फोन फॉर्म भरायच्या महिन्यात अचानक बंद झाला तर मुलाखतीत तेच विचारतील. आणि पोरगी तिकडं एवढ्या टेन्शनमध्ये असताना तिचा रविवार काढून घ्यायचा, ही कसली मदत.

पैशाचं कलम विसावं, त्यात लोक जास्त अडकतात कारण आपल्याला ती प्रॉपर्टी वाटतच नाही. ती तुमच्या औषधाला पैसे पाठवते का, परदेशी माणसाला कधीही आर्थिक मदत केली का असा सरळ प्रश्न आहे. पाठवत असेल तर लिहायचं, किती आणि कशाला. तुमची पेन्शन पण सांगायची, जिल्हा परिषदेतले शिक्षक म्हणजे सरकारी पैसा, पण घाबरायचं कारण नाही, पोट भरायला पेन्शन असलेला बाप पोरीवर अवलंबून नाही आणि त्याला कुणी पैशाचं आमिष दाखवू शकत नाही, असाही त्याचा अर्थ होतो. मग बघा, तिच्या नावानं लग्नाआधी काय काय काढलेलं आहे. एलआयसी आहे का. बँकेत काकूंबरोबर जॉइंट खातं आहे का. आणि हे खास आपल्याकडचं, साखर कारखान्याचा शेअर तिच्या नावावर आहे का, पतसंस्थेत सभासद आहे का. ह्यांचं तिथंच झालं. सासऱ्यांनी ह्यांच्या नावानं एका पतसंस्थेत कधीतरी खातं काढलेलं, त्यात चार हजार की काय होते, आमच्या दोघांच्याही डोक्यातनं गेलेलं. फॉर्म जाऊन महिना झाला आणि गणपतीत सासरे फोनवर सहज म्हणाले, अरे त्या पासबुकात व्याज भरून घेतलं रे. ह्यांचा चेहरा पडला. मी म्हटलं आत्ताच्या आत्ता ऑफिसात सांगा. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या सिक्युरिटी ऑफिसरला सांगितलं, मुलाखतीत समोरच्यानं विचारायच्या आत परत स्वतःहून सांगितलं, त्यानं लिहून घेतलं, विषय संपला. आपण होऊन, लवकर, कुणी पकडायच्या आत सांगितलं तर ते जमेला धरतात, हे त्यांच्या कसोट्यांतच लिहिलंय.

गोदरेजचं कपाट उघडाच एकदा. तिचा जुना भारतीय पासपोर्ट, रद्दचा शिक्का मारलेला, तुमच्याकडं ठेवून गेली असेल तर त्याचा नंबर आणि तारखा तिला फोटो काढून पाठवा, दुसऱ्या देशाचा पासपोर्ट कधी होता का हे विचारतात. नागरिकत्व सोडल्याचं सरेंडर सर्टिफिकेट असेल तर ते पण. ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयांना आपलं सरकार देतं ते, असेल तर ते लपवायचं नाही, आणि ते दुहेरी नागरिकत्व पण नव्हे, आपला कायदा दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेणाऱ्याला भारताचं ठेवू देत नाही. आणि मतदार यादी. लोकांना हे सुचतच नाही. परदेशातल्या निवडणुकीत कधी मत दिलंय का असाही एक प्रश्न आहे, २०१० च्या आधी गावात दिलं असेल तर हो लिहायचं, तेव्हा ती भारतीयच होती, कुणाला काही वाटत नाही. पण तिचं नाव अजून तुमच्या वॉर्डाच्या यादीत लोळत असेल तर नमुना ७ भरून काढून टाका, ते मात्र खरंच काढायला पाहिजे, आणि निवडणुकीला कुणी कार्यकर्ता स्लिप घेऊन आला तर त्यालाही सांगा.

तुम्हाला एवढी सगळी माहिती परक्या सरकारला द्यायची भीती वाटत असेल तर ती चुकीची नाही. त्यांच्याच सरकारी कॉम्प्युटरमधनं २ कोटी १५ लाख लोकांच्या अशा तपासाच्या नोंदी चोरीला गेल्याचं २०१५ ला उघड झालं होतं. मी सांगितलं नसतं तरी पुतण्यानं कुठंतरी वाचून सांगितलंच असतं. पण पोरीनं ही नोकरी करायचं ठरवलं असेल तर त्याला पर्याय नाही, जेवढं फॉर्म मागतो तेवढं द्या, जास्तीचं देऊ नका, आणि व्हॉट्सॲपवर आधारचे फोटो टाकत बसू नका, फोनवर वाचून दाखवा.

यावरनं आठवलं, फी नसते असं मी वर म्हटलंय. तुम्हाला कुणी फोन करून म्हणालं की अमेरिकन एम्बसीतनं बोलतोय, तुमच्या मुलीची फाइल अडकलीय, व्हेरिफिकेशनचे अमुक हजार भरा किंवा ओटीपी सांगा, तर फोन ठेवायचा आणि मुलीला फोन करायचा. आणि ही बातमी तालमीत, देवळात, गावच्या ग्रुपवर सांगायची नाही. मला माहितीय तुम्हाला अभिमान आहे. पण आमच्या मावसदिरांनी अख्ख्या शिवाजी पेठेत सांगितलं होतं की आमचा भाऊ अमेरिकेच्या गुप्त खात्यात लागला, तो बिचारा अकाउंट्सचं सॉफ्टवेअर बघत होता.

बरं आता हक्कसोड.

काका, सामाईक सातबाऱ्यावर तुम्ही, मुलगा, मुलगी आणि पुतण्या असणार. मुलीचं नाव कमी झालं की तिचा हिस्सा कुणाकडं जातो हो. मी पुतण्यावर आरोप करत नाही, त्याला खरंच तिची काळजी असेल. पण आपल्या जिल्ह्यात उसाची जमीन आणि बहिणीची सही या दोन गोष्टी जवळ आल्या की काळजीचा पूर येतो हे मी लहानपणापासनं बघतीय. कधी म्हणतात ताई तुला तिकडं काय कमी आहे, कधी म्हणतात कर्ज काढायला अडचण होतीय, आता क्लिअरन्स निघालं. २००५ ला कायदा बदलला आणि वडिलोपार्जित जमिनीत मुलीला जन्मानं मुलाइतकाच वाटा मिळाला, २०२० ला सुप्रीम कोर्टानं त्यावर परत शिक्कामोर्तब केलं, ते काय अमेरिकेच्या एका फॉर्मसाठी सोडून द्यायला नव्हे.

फॉर्म एवढंच म्हणतो की परदेशात जमीन असेल तर सांगा, किंमत सांगा, कशी मिळाली सांगा. पुढं बघतात काय तर ती जमीन तिच्या एकूण पैशाच्या मानानं केवढी आहे. तिकडं घर आहे, रिटायरमेंटचे पैसे आहेत, नवऱ्याचा पगार आहे, आणि इकडं सामाईकात एक हिस्सा, त्यातनं तिला वर्षाला किती रुपये जातात, खरं सांगा, गुळाची एक ढेप जाते का. त्या जमिनीसाठी ती देशाशी बेइमानी करेल असं कुणाला वाटेल. सातबारा आणि आठ अ काढून घ्या, तिच्या हिश्श्याची अंदाजे किंमत दोघांनी मिळून ठरवा, फार फुगवू नका फार दाबू नका, आणि लिहू दे. परदेशी नागरिक झाली म्हणून आधीपासनं नावावर असलेली शेतजमीन जात नाही, नवीन शेतजमीन विकत घेता येत नाही एवढंच. उद्या तिच्या तिकडच्या वकिलानं लेखी सांगितलं की हे विका, तर तेव्हा बघू, आणि तेव्हाही विकायचं म्हणजे बाजारभावानं पैसे घेऊन विकायचं, हक्कसोड नव्हे. फॉर्म भरायच्या आदल्या आठवड्यात घाईनं फुकटात केलेली नोंदणी तर बघणाऱ्यालाही चमत्कारिक दिसेल, विचारतील हे आत्ताच का केलं.

समजा नाहीच मिळालं तर. आधी तिला लेखी कळवतात की या या कारणांवरनं आम्हाला शंका आहे, कंपनीतल्या माणसाला साधारण २० दिवसांत त्याला उत्तर द्यायचं असतं, सुनावणी मागता येते, तिथं जज असतो, साक्षीदार आणता येतात. त्यामुळं असं पत्र आलं तर ते दिवस रडण्यात घालवायचे नाहीत, वकील गाठायचा, आणि मुदत वाढवून पाहिजे असली तर ती संपायच्या आत मागायची. आणि काकूंना हे जरूर सांगा, १९६० चा त्यांचा एक हुकूम आहे त्यात स्पष्ट म्हटलंय की क्लिअरन्स नाकारलं म्हणजे त्या माणसाच्या देशनिष्ठेवर निकाल दिला असं नाही. नागरिकत्वाला धक्का नाही, पोरांना काही नाही, दुसरी नोकरी करायला मोकळी. मिळालं तर मात्र थोडं बंधन येतं, दर वेळी इकडं यायच्या आधी तिला ऑफिसात कळवावं लागेल, त्यामुळं पुढच्या वर्षी जोतिबाच्या यात्रेला ये बाई अचानक, असं चालायचं नाही, चार महिने आधी ठरवा.

तर या रविवारी फोन लागला की वही घेऊन बसा. काकूंचं माहेरचं नाव, तुमच्या नोकरीची सुरुवातीची आणि रिटायरमेंटची तारीख, मुलानं युनिटमध्ये विचारून जे दिलं असेल ते, जुन्या पासपोर्टचा नंबर, सातबारा, कारखान्याचा शेअर. पुतण्यालाही बोलवा आणि त्याच्यासमोरच तिला सांगा की जमिनीचं तसंच राहणार आहे. आणि तुमची जन्मतारीख १ जून आहे की नाही ते मला जरूर कळवा, पैज लावलीय मी ह्यांच्याशी.